सशाचे दुखरे तळवे : शेवंतीच्या उपचारांचा अनुभव

सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजराच्या पायाला असते तशी मऊ गादी नसते, हे ससा पाळणाऱ्या अनेक घरांत कोणाला ठाऊकच नसते. बोटांपासून टाचेपर्यंत त्याचा मागचा पाय दाट, राठ केसांनी झाकलेला असतो आणि तेवढेच त्याचे संरक्षण. केसांखाली पातळ कातडी आणि कातडीखाली जवळजवळ लगेच हाड. ससा धावतो तेव्हा भार बोटांवर आणि नखांवर येतो; बसतो तेव्हा मात्र टाचेपर्यंतचा सगळा तळवा जमिनीला टेकतो. मातीत नखे रुततात, त्यामुळे बसल्यावरही भार बोटे आणि तळवा यांच्यात वाटला जातो. फरशीवर, फळीवर किंवा जाळीवर नखे रुतायला जागाच नसते. बोटे किंचित वर उचलली जातात आणि सगळे वजन टाचेजवळच्या लहानशा भागावर येऊन पडते. हाड आणि जमीन यांच्यामध्ये ती कातडी दिवसभर दाबली गेली की तेथील रक्तपुरवठा कमी होतो, केस झिजतात, कातडी लाल होऊन पुढे फाटते आणि मूत्राने ओल्या झालेल्या जागी त्या फटीतून जंतू आत शिरतात. आमच्या शेवंती नावाच्या सशाच्या पायांवर आम्ही यातील बरेच टप्पे पाहिले आणि ते पाय बरे होतानाही पाहिले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शेवंती आमच्याकडे आली ती नाशिकमध्येच पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून. त्यांची पुण्याला बदली झाली, तेथील घरमालकाने प्राणी ठेवायला नकार दिला आणि होळीनंतर ती आपल्या पिंजऱ्यासह आमच्या इंदिरानगरच्या घरी आली. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, न्यूझीलंड व्हाइट जातीच्या वळणाची ही मादी तेव्हा तीन वर्षांची होती. त्या कुटुंबाने तिला मायेनेच वाढवले होते. परंतु दुकानातून ससा घेताना जो पिंजरा हाती दिला जातो, त्याचा तळ बहुतेक वेळा तारेच्या जाळीचा असतो, कारण लेंड्या आणि मूत्र खालच्या ट्रेमध्ये पडून सफाई सोपी होते. माणसाच्या या सोयीची किंमत सशाचे पाय मोजतात. त्यातून शेवंती वजनाने चांगलीच भारी होती आणि पिंजऱ्याबाहेर येण्याची तिला फारशी सवय नव्हती.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे मत पडले की ससा फार शांत आहे. मला मात्र ती शांतता खटकत होती. पिंजऱ्याचे दार उघडे ठेवले तरी ती दोन-तीन उड्या मारून थांबत असे, बसल्या जागी एकदा डावा आणि एकदा उजवा पाय किंचित उचलत असे, आणि कान मागे टाकून डोळे अर्धवट मिटून बसली असताना दात दातांवर घासल्याचा करकर आवाज येत असे. आनंदात असलेला ससाही दात हलकेच वाजवतो, पण तो आवाज मऊ असतो आणि तेव्हा अंग सैल असते. वेदनेतला आवाज जोराचा असतो आणि अंग आखडलेले असते. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. दुखणे दाखवले तर आपण आधी पकडले जाऊ, हे त्याच्या अंगात भिनलेले असते, म्हणून तो ओरडत नाही आणि पहिल्या दिवसांत फारसा लंगडतही नाही. सशाने नेहमीच्या हालचाली कमी केल्या, एवढीच खूण बहुतेकदा हाती लागते.

तळवे पाहायचे तर ससा धरायचा कसा, हा पहिला प्रश्न. त्याला उताणे केले की तो निपचित पडतो आणि पुष्कळांना वाटते की त्याला आवडले. ती खरे तर भीतीने आलेली स्तब्धता असते. शिवाय सशाच्या मागच्या पायांत जबरदस्त ताकद असते आणि त्या मानाने पाठीचा कणा नाजूक असतो, त्यामुळे अधांतरी धरलेल्या सशाने जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. आम्ही जमिनीवर जाड टॉवेल अंथरला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या, शेवंतीला त्यांनी कुशीत घेऊन तिचे डोके काखेत लपवले आणि एक हात ढुंगणाखाली पक्का ठेवला. मी मागून एकच पाय हळूच बाहेर काढला आणि तळव्यावर फुंकर घातली. फुंकरीने केस दुभंगतात आणि आतली कातडी स्वच्छ दिसते, बोटांनी चाचपावे लागत नाही. डाव्या पायाच्या टाचेजवळ साधारण एक सेंटीमीटरचा लाल, चकचकीत, बिनकेसांचा भाग होता. त्याच्या मधोमध तपकिरी खपली आणि खपलीच्या कडेला ओल. आजूबाजूचे केस मूत्राने पिवळे पडून गुठळ्यांसारखे चिकटलेले होते. उजव्या पायाला केस गेलेले होते, कातडी जाड झाली होती, पण फाटलेली नव्हती. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग एवढेच म्हणाल्या, “अगं, ही या पायांवर उभी तरी कशी राहत होती?”

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तेथे गुरे आणि कुत्रीच अधिक येतात हे बाहेरच्या बाकावर बसल्याबसल्याच कळले. पाय नीट न पाहताच आम्हाला त्वचेचे एक मलम आणि पोटात देण्यासाठी अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचे सिरप लिहून देण्यात आले. सशाला अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन किंवा लिंकोमायसिन तोंडावाटे देणे जिवावर बेतू शकते, हे मी शेवंती घरी येण्यापूर्वीच वाचलेले होते. सशाचे पचन आतड्यातील उपयुक्त जंतूंवर चालते. ही औषधे त्या जंतूंना मारतात, मग विष तयार करणारे जंतू माजतात आणि जुलाब लागून ससा दगावू शकतो. मलमाच्या नळीवरचे घटक वाचले तर त्यात स्टिरॉइड होते. सशाचे शरीर स्टिरॉइडला फार लवकर प्रतिसाद देते, त्याची प्रतिकारशक्ती घटते आणि जखम भरण्याऐवजी रेंगाळते. शिवाय ससा पाय चाटतो, म्हणजे लावलेले औषध पोटातही जाते. ही दोन्ही औषधे आम्ही घेतली नाहीत. मला त्या दवाखान्याविषयी राग नाही, कारण पशुवैद्यकाच्या रोजच्या कामात ससा क्वचितच येतो; पण ससा पाळणाऱ्याने इतके तरी विचारावे, असे मला ठामपणे वाटते : “डॉक्टर, आपण ससे नेहमी तपासता का? हे औषध सशाला पोटातून चालते का?” ज्यांना सशांचे काम येते त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही.

चौकशी करता करता गंगापूर रोडच्या बाजूला ससे आणि पक्षी तपासणाऱ्या एक डॉक्टर मॅडम सापडल्या. त्यांनी सर्वांत आधी पायांना हात लावला नाही. शेवंतीला रबरी मॅटवर सोडून ती कशी चालते ते पाहिले, वजन केले, दात आणि नखे पाहिली, शेपटीखालचा भाग ओला आहे का ते पाहिले आणि मग विचारले, “ताई, ही दिवसभर कशावर बसते?” मोबाईलमधला पिंजऱ्याचा फोटो दाखवला तेव्हा म्हणाल्या, “मी औषध देईन, पण ही जाळी आज संध्याकाळी निघाली नाही, तर माझ्या औषधाचा काही उपयोग होणार नाही.” पुढच्या सगळ्या महिन्यांचा अनुभव या एका वाक्याला धरून आहे.

त्यांनी दोन्ही पायांचे एक्स-रे काढले. जखम वरून लहान दिसली तरी संसर्ग हाडापर्यंत पोहोचला असेल तर उपचार पूर्णपणे बदलतात आणि बरे होण्याची शक्यताही खूप घटते, म्हणून हा खर्च टाळू नये. पायामागून जाणारा स्नायुबंध जागेवरून सरकला तर तो ससा पुन्हा नीट उभा राहणे अवघड असते, हेही त्यांनी समजावले. आत पू साठला असता तर तो माणसाच्या गळवासारखा दाबून बाहेर आला नसता; सशाचा पू पनीरसारखा घट्ट असतो, त्याचा निचरा होत नाही आणि तो शस्त्रक्रियेने, वेष्टणासकट काढावा लागतो. शेवंतीचे हाड सुदैवाने स्वच्छ होते. उजव्या पायाविषयी त्या म्हणाल्या की केस गेलेली, थोडी जाड, पण कोरडी आणि अखंड कातडी पुष्कळ पाळीव सशांना असते. तिला औषध लावत बसू नये, घट्टा कापू नये, फक्त लक्ष ठेवावे. डाव्या पायासाठी वेदनाशामक मेलॉक्सिकॅम आणि सशांना चालणारे एन्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक त्यांनी वजनाच्या हिशोबाने दिले. मात्रा येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ती प्रत्येक सशाची वेगळी असते आणि घरच्या डब्यातील पॅरासिटामॉल किंवा दुसऱ्या प्राण्याच्या औषधावर अंदाज बांधणे धोक्याचे आहे. वेदनाशामक ही चैन नव्हे. पाय दुखतो म्हणून ससा खाणे सोडतो, खाणे थांबले की त्याचे आतडे थांबते, आणि मग पायाऐवजी पोटानेच जीव जाण्याची वेळ येते.

घरची मलमपट्टी आम्ही दोघींनी केली. जखम सलाइनने किंवा डॉक्टरांनी ०.०५ टक्क्यांपर्यंत पातळ करून दिलेल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने भिजवायची, खपली नखाने किंवा चिमट्याने ओढायची नाही, भिजून सुटेल तेवढीच सुटू द्यायची. हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस येतो आणि जखम साफ झाल्यासारखी वाटते, पण त्याने नव्याने येणारी कातडीही जळते. घरात कापले-खरचटले की लावायची उग्र वासाची जंतुनाशकेही तशीच दूर ठेवावीत. धुण्यापेक्षा वाळवण्याला जास्त वेळ द्यावा लागतो. तळव्याचे केस दाट असल्याने वरून कोरडे वाटले तरी मुळाशी पाणी राहते आणि त्या ओलीने कातडी पुन्हा मऊ पडून फाटते. मी सुती कपड्याने टिपून, मग पुन्हा फुंकर घालून, मुळापर्यंत केस मोकळे होईपर्यंत पाय हातातच धरून बसत असे. ससा संपूर्ण अंघोळीला मात्र कधीही घालू नये. त्या धक्क्याने आणि थंडीने तो आजारी पडतो. तळव्याचे चिकटलेले केस कापून टाकावेत असे पाहणाऱ्याला साहजिक वाटते, परंतु जखमेच्या कडेला उरलेला प्रत्येक केस तेथे हवा असतो. गुठळ्या आम्ही ओल्या कापसाने थोड्या थोड्या सोडवल्या आणि कात्री वापरली नाही.

पट्टीविषयी माझे मत थोडे वेगळे झाले आहे. सुरुवातीला जखम उघडी असताना डॉक्टरांनी सिल्व्हर सल्फाडायझिन हे जंतुनाशक मलम लावून, न चिकटणारे गॉझ, त्यावर मध्ये भोक ठेवलेली कापसाची गादी आणि वरून स्वतःलाच चिकटणारी पट्टी बांधून दिली. भोकामुळे भार जखमेच्या कडेवर जातो आणि मधला भाग सुटा राहतो, ही कल्पना चांगलीच आहे. पण ससा पट्टी कुरतडतो, ती सरकते, सरकली की गादी नेमकी जखमेवर येते, आणि थेंबभर मूत्र लागले तरी ती ओल दिवसभर आत धरून ठेवते. म्हणून सकाळ-संध्याकाळ बोटांची टोके गार किंवा सुजलेली नाहीत ना हे पाहावे लागे आणि पट्टी ओली झाल्याचा संशय आला तरी ती लगेच बदलावी लागे. कुत्र्यांना घालतात तसा गळ्यातला शंकू सशाला शक्यतो घालू नये, कारण ससा आपल्या मऊ, चकचकीत लेंड्या थेट गुदद्वारापासून पुन्हा खातो आणि ते त्याच्या पोषणासाठी आवश्यक असते. वर कोरडी, गुलाबी कातडी धरल्याबरोबर डॉक्टरांनी पट्टी बंद केली आणि त्यानंतर पाय अधिक वेगाने सुधारला, असे मला दिसले.

आता जमिनीविषयी. पिंजऱ्याची जाळी त्याच संध्याकाळी काढली आणि पिंजराही लवकरच भंगारात गेला. गच्चीकडच्या खोलीचा एक भाग आडोसा लावून शेवंतीसाठी मोकळा केला. खोलीत गुळगुळीत टाइल्स आहेत. टाइल्स कठीण तर असतातच, शिवाय त्यांवर पाय घसरतो म्हणून ससा अंग आखडून, मागे भार टाकून बसतो. तेव्हा काय अंथरावे याचा शोध सुरू झाला. पुठ्ठा लगेच मूत्र शोषून लिबलिबीत होई. मुलांच्या खेळायच्या जोड-चटया मऊ असतात, पण त्यांचे तुकडे तिने कुरतडून तोडायला सुरुवात केली आणि असा तुकडा गिळला गेला तर आतडे अडू शकते, म्हणून त्या त्याच दिवशी काढल्या. गोणपाटाचा धागा नखांत आणि बोटांत गुंततो आणि कापडाचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने उरलेले केसही घासले जातात. वखारीतला भुसा पुष्कळ जण सुचवतात. त्याची धूळ सशाच्या नाकात जाते आणि देवदार-चिडासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा तर मुळीच घालू नये.

उत्तर सासूबाईंच्या ट्रंकेत मिळाले. जुन्या सुती लुगड्यांची गोधडी अनेक पदरांची असते, तिला दाबले की ती दबते, नखे तिच्यात थोडी रुततात आणि पाय घसरत नाही. सासूबाईंनी टाके अगदी जवळ जवळ घातले, दोऱ्याची टोके आत वळवली आणि कडा दुहेरी शिवल्या, म्हणजे कुरतडायला सुटा दोरा मिळू नये. गोधडीवर भाताच्या पेंढ्याचा चांगला वीतभर थर. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी होते आणि पेंढा सहज मिळतो. आमच्या दूधवाल्यांच्या ओळखीने एका शेतकऱ्याकडून तो येऊ लागला. पेंढा घेताना मूठभर उचलून हुंगावा, कुबट वास आला किंवा झटकल्यावर करडी धूळ उडाली तर तो बुरशीचा असतो आणि अंथरायलाही चालत नाही. पेंढ्याचे आखूड, टोकदार तुकडे बाजूला काढावेत, कारण फाटलेल्या कातडीला ते टोचतात. मूत्रासाठी कोपऱ्यात एक मोठा ट्रे : तळाला वर्तमानपत्राचे थर आणि वर पेंढा. ससा बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो आणि त्या कोपऱ्यातच त्याचे गवत ठेवले की ही सवय पक्की होते. ट्रेवर बसवायला जाळीचे झाकण मिळते; ते आम्ही वापरले नाही, कारण गवत खाताना ससा तेथेच सर्वांत जास्त वेळ बसतो.

उन्हाळ्यात एक वेगळीच अडचण आली. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि ३० अंशांपुढे सशाला उष्णतेचा त्रास होऊ लागतो, तेव्हा शेवंती गोधडी सोडून गार टाइल्सवर जाऊन पसरू लागली. तिला गारवा हवा होता आणि पायांना मऊपणा. बर्फाची बाटली कापडात गुंडाळून ठेवली, पण बाटलीला सुटणाऱ्या दवाने गोधडी ओली होई. शेवटी बाटल्या पसरट मातीच्या परातीत ठेवल्या आणि परात गोधडीला लागून मांडली, म्हणजे पाणी परातीत राही आणि ती शेजारी लोळे. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, पंखा मंद ठेवला आणि दुपारी ती टाइल्सऐवजी पुन्हा गोधडीवर दिसू लागली.

ज्येष्ठात जखम बंद झाली होती. आषाढात संततधार लागली आणि डावा पाय पुन्हा लाल दिसू लागला. गोधड्या वाळत नव्हत्या, हे एक कारण उघड होते. दोरीवर दिवसभर टांगूनही मधले पदर दमट राहत. आम्ही गोधड्यांची संख्या वाढवली आणि प्रत्येक गोधडी अंथरण्यापूर्वी गरम इस्त्रीने दोन्ही बाजूंनी सुकवू लागलो. हाताला कोरडी लागणारी गोधडीही इस्त्रीखाली वाफ सोडते, हे तेव्हाच कळले. तरीही तिच्या शेपटीखालचे केस ओलेच राहत होते आणि ट्रेमध्ये मूत्राचा पांढरा, खडूसारखा थर साचत होता. पुन्हा एक्स-रे झाला तेव्हा मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ दिसला. ससा अन्नातले कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि जादाचे मूत्रातून टाकतो. गाळ साचला की लघवीवर ताबा राहत नाही, पाय ओले राहतात आणि तळव्याचे दुखणे पुन्हा उठते. मूळ घरी तिला रोज लसूणघास (अल्फाल्फा हा हिरवा चारा) मिळत असे आणि सवय एकदम तुटू नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती आम्ही हळूहळू कमी करत होतो. आता ती पूर्ण बंद झाली. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असतात, ती वाढत्या पिलांना ठीक, प्रौढ सशाला नाही. पाण्याची नळीची बाटली काढून जड, पसरट भांडे ठेवले, कारण ससा भांड्यातून मोकळेपणाने आणि जास्त पाणी पितो. भाजी धुऊन ओलीच देऊ लागलो. ट्रेवरचा पांढरा थर व्हिनेगरने सुटतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला अधिक धावू दिले, कारण हालचालीने गाळ तळाशी बसत नाही.

वजनाचा भाग येथेच जोडून सांगते ते बरे. दर जादा ग्रॅम त्याच एका सेंटीमीटरवर येतो. भारी सशाला मागे वळून स्वतःची सफाईही करता येत नाही, आणि पावसाळ्यात अशा मळलेल्या केसांवर माश्या अंडी घालून अळ्या पडू शकतात. नाशिकच्या घरात सशाला काय द्यावे हे सांगण्यापेक्षा काय आवरावे हे सांगणे जास्त गरजेचे वाटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक घरी द्राक्षांच्या पेट्या येतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा सशापुढे एक घोस धरतो. द्राक्ष, केळे आणि गाजरसुद्धा साखरेमुळे सशाला क्वचित, चवीपुरतेच द्यायचे असते. शेवंतीच्या आहारात आता चार पंचमांशांहून अधिक वाटा वाळलेल्या गवताचा असतो. परदेशी टिमोथी गवत महाग पडते, म्हणून आम्ही ते स्वच्छ, हिरवट राहिलेल्या डोंगरी गवतात आणि मारवेल या चाऱ्याच्या गवतात मिसळतो. त्याबरोबर कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, थोडी मेथी, आणि सशाचे पेलेट दिवसाला दर किलो वजनामागे २५ ग्रॅमच्या आतच. वजन उतरवायचे म्हणून उपाशी मात्र ठेवू नये. लठ्ठ ससा उपाशी राहिला तर त्याच्या यकृतात चरबी साचून तो दगावू शकतो. गवत मनसोक्त, बाकी मोजून, हे धोरण ठेवले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीसकट दर रविवारी वजन घेतले. वजन इतके सावकाश उतरले की मधून मधून माझाच धीर सुटायचा. डॉक्टरांना तोच वेग हवा होता.

नखांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वाढलेले नख जमिनीला टेकले की बोट वर उचलले जाते आणि भार टाचेकडे सरकतो, म्हणजे मऊ अंथरुणाचा फायदाही निम्मा वाया जातो. साधारण चार ते सहा आठवड्यांनी नखे कापावी लागतात. शेवंतीची नखे पांढरी असल्याने आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते. काळ्या नखांच्या सशाला मागून मोबाईलचा उजेड धरावा आणि रक्तवाहिनीच्या बऱ्याच पुढे कापावे.

दसऱ्याच्या सुमारास डाव्या पायाची कातडी अखंड, फिकट गुलाबी झाली आणि कडेने बारीक पांढरे केस आत सरकू लागले. दिवाळीत तिने खोलीभर धावताना हवेतच अंग पिळून मारलेली उडी मी पहिल्यांदा पाहिली. सासूबाईंनी फराळ बाजूला ठेवून मला हाक मारली होती, “ये गं लवकर, बघ कशी नाचतेय!” त्या आठवड्यात फटाक्यांमुळे ती घाबरून मागचे पाय जमिनीवर जोरात आपटत असे आणि असे आपटणेही तळव्यांना इजा करते, म्हणून रात्री खिडक्या बंद करून तिच्या लपायच्या खोक्याभोवती पेंढ्याचा थर दुप्पट केला.

मधला छोटासा भाग बिनकेसांचाच राहिला आणि तो तसाच राहील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तेथील कातडी पातळ असल्याने दुखणे पुन्हा उद्भवण्याचा धोका नेहमीचा; म्हणून रविवारी वजनाबरोबर चारही तळवे पाहतो. पुढचे पायही पाहावेत, कारण मागचे दुखू लागले की ससा भार पुढे टाकतो. ज्यांच्याकडे रेक्स जातीचा ससा आहे त्यांनी ही तपासणी आणखी वारंवार करावी, कारण त्या जातीला मखमली लव असते, पण तळव्याला सांभाळणारे लांब, राठ केस फारच तोकडे असतात. मोठ्या जातींचे, वयस्कर आणि सांधे धरलेले ससेही याच गटातले. नुसता बिनकेसांचा कोरडा ठिपका दिसला तर अंथरूण, नखे, वजन आणि ओल या चार गोष्टी त्याच दिवशी पाहाव्यात आणि ठिपक्याचा फोटो काढून पुढच्या आठवड्याच्या फोटोशी ताडावा. खपली, ओल किंवा रक्त दिसले तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जावे. पाय सुजला, गरम लागला, ससा त्यावर भारच टाकेना, किंवा बारा तासांत त्याने काही खाल्ले नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता निघावे, आणि निघताना टोपलीत टॉवेल नव्हे, जाड गोधडी घालावी, कारण रिक्षाच्या प्रत्येक धक्क्याबरोबर तो सगळा भार त्याच दुखऱ्या पायावर घेत असतो.